झाकण लावले, तरी मशीन कपडे पिळेना

वॉशिंग मशीनविषयी आलेल्या वाचकांच्या पत्रांपैकी बरीचशी या वेळी एकाच तक्रारीभोवती फिरत आहेत : मशीन कपडे धुते, पण पिळत नाही, आणि दोष झाकणाच्या स्विचचा असल्याचे सांगितले जाते. दुरुस्ती करणारे यालाच लिड स्विच, डोअर स्विच किंवा नुसता सेफ्टी स्विच म्हणतात. एकमेकांशी जुळणारे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : आमचे वरून कपडे टाकण्याचे, पूर्ण स्वयंचलित मशीन पाणी घेते, कपडे धुते, पाणी सोडते, परंतु पिळण्याची वेळ आली की थांबते आणि बीप वाजत राहते. झाकण हाताने दाबून धरले तर कधी कधी चालू होते. दुरुस्ती करणाऱ्यांनी मशीन न पाहताच, फोनवर, स्विच गेला असल्याचे सांगितले. तो खरोखर गेला आहे की नाही, हे घरी ठरवता येईल काय?

उत्तर : ठरवता येईल, आणि नवा भाग मागवण्यापूर्वी ते ठरवून घेणेच बरे; कारण पिळण्याच्या वेळी मशीन थांबणे या एका लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात आणि झाकणाचा स्विच हे त्यांपैकी केवळ एक आहे. फोनवर केलेले निदान बरोबर निघणारच नाही असे नाही, पण त्यावर विसंबून पैसे खर्च करू नयेत.

या स्विचचे काम झाकण बंद आहे की उघडे एवढेच मशीनला कळवण्याचे असते. साध्या रचनेत झाकणाच्या मागच्या कडेला, बिजागरीजवळ, प्लॅस्टिकची एक जीभ असते. झाकण खाली आले की ती पॅनेलखालच्या स्विचची पट्टी दाबते आणि ‘टिक्’ असा बारीक आवाज होऊन आतले संपर्क जुळतात. दुसऱ्या प्रकारात झाकणामध्ये एक लहान चुंबक बसवलेला असतो आणि पॅनेलखाली रीड स्विच असतो, म्हणजे काचेच्या बारीक नळीत बंद केलेल्या दोन पातळ पात्या. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात, दूर गेला की सुटतात. बाहेरून यात हलणारे काहीच दिसत नाही. तिसऱ्या प्रकारात स्विचबरोबर कुलूपही असते : पिळण्याआधी एक खटका पुढे सरकून झाकण अडकवतो, तो अडकल्याची खूण मिळाली की मगच मोटर सुरू होते. आपल्या मशीनमध्ये यांपैकी कोणती रचना आहे हे झाकण उघडून, त्याची कड आणि समोरची फट नीट पाहिली की बहुधा कळते.

आता लक्षणांकडे वळू. पिळण्याची वेळ येताच मशीन अगदी गप्प होत असेल, मोटरचा घुमण्याचा आवाजही येत नसेल आणि पडद्यावर झाकणाविषयीची खूण येत असेल, तर संशय स्विचवर घ्यायला हरकत नाही. मोटर घुमते पण टब जागचा हलत नाही, असे असेल तर झाकणाच्या स्विचने आपले काम केलेले आहे. दोष मोटरच्या पट्ट्यात, मोटरला जोर देण्यासाठी वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरमध्ये किंवा मोटरची गती टबाला देणाऱ्या क्लचमध्ये शोधायला हवा. टबात पाणी साचलेले असेल तर आधी पाणी बाहेर जाण्याचा मार्ग पाहावा, कारण टब रिकामा झाल्याशिवाय बहुतेक मशीन वेगात फिरतच नाहीत. चिमटलेला ड्रेन पाइप किंवा त्यात अडकलेला मोजा हा बिघाड स्विचच्या नावावर सहज खपून जातो. अनेक मशीनच्या पडद्यावर झाकणासाठी ‘डीई’, कपडे एका बाजूला गोळा झाल्यास ‘यूई’ आणि पाणी न निघाल्यास ‘ओई’ अशी अक्षरे येतात. मात्र हे संकेत सर्व कंपन्यांचे सारखे नसतात, म्हणून आपल्या मशीनच्या माहितीपुस्तिकेतील तक्ता जरूर पाहावा.

आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी वाक्य म्हणजे झाकण दाबून धरले की मशीन चालते. यावरून दोष झाकण आणि स्विच यांच्यामधल्या जागेत आहे हे जवळजवळ निश्चित होते, परंतु त्या जागेत स्विच एकटा नसतो. झाकणाची जीभ झिजली किंवा तिचा टोकाचा तुकडा मोडला, बिजागरी ढिली होऊन झाकण एका बाजूला कलले, किंवा बसण्याच्या कडेवर साबणाच्या पावडरीचा थर साचून झाकण अगदी थोडे वर राहू लागले, तरी स्विचची पट्टी पुरती दाबली जात नाही. प्लग काढून, बाजूने उजेड पाडून झाकण सावकाश खाली आणावे आणि शेवटच्या बोटभर अंतरात ‘टिक्’ कधी वाजते ते ऐकावे. झाकण टेकण्याच्या थोडे आधीच वाजले तर रचना ठीक आहे. झाकण टेकल्यावर वाजत नाही, पण वरून दाबल्यावर वाजते, तर स्विचऐवजी जीभ, बिजागरी किंवा साचलेला थर दोषी असण्याचा संभव अधिक. पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने ती कड आणि फट पुसून घेतल्यावरच अनेकदा तक्रार मिटते, आणि असे झाल्यास नवा स्विच बसवण्याचे कारण उरत नाही. आवाज मुळीच येत नसेल, अथवा येत असूनही मशीन ऐकत नसेल, तर मल्टिमीटर, म्हणजे विजेचा मार्ग जुळलेला आहे की तुटलेला हे दाखवणारे मोजयंत्र, हाती घ्यावा. चुंबकाच्या रचनेत अर्थातच कानाला लागेल असा आवाज नसतो. तेथे झाकणातला चुंबक निसटून सरकला आहे का हे खिळा किंवा टाचणी लावून पाहता येते.

आणखी एक गोष्ट येथेच सांगायला हवी, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. कित्येक मशीनमध्ये याच स्विचला खाली लोंबणारी एक लांब दांडी जोडलेली असते. पिळताना कपडे एका बाजूला गोळा झाले आणि बाहेरचा टब हेलकावे खाऊ लागला की तो या दांडीवर आपटतो, स्विचचे संपर्क सुटतात आणि मशीन थांबते. मग ते पुन्हा थोडे पाणी घेऊन कपडे सारखे करण्याचा प्रयत्न करते आणि तेही साधले नाही तर बीप वाजवते. म्हणून पिळणे सुरू होऊन, टब धाडधाड वाजून मग मशीन थांबत असेल, तर स्विचने सांगितलेले खरेच आहे. तेथे कपडे हाताने पसरावेत, मशीन चारही पायांवर समतल उभे आहे का ते पाहावे, आणि तरीही हे आपटणे थांबत नसेल तर टब ज्या दांड्यांवर टांगलेला असतो त्यांचे स्प्रिंग ढिले पडले आहेत का हे तपासून घ्यावे. असा स्विच कितीही वेळा बदलला तरी तक्रार तशीच राहते.

प्रश्न : माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. त्याने हा स्विच कसा तपासावा? रीडिंग किती यायला हवे?

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे भिंतीवरचे बटण बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर काढावा, कारण बटणाने सर्व वायरींतली वीज तुटतेच असे नाही. प्लग काढल्यावर काही मिनिटे थांबावे, आणि मोटरच्या कॅपॅसिटरला हात लागेल अशा ठिकाणी काम असेल तर तो रिकामा झाल्याची खात्री केल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये. पाण्याचा नळ बंद करावा, हात कोरडे असावेत. पॅनेलच्या पत्र्याच्या आतल्या कडा चांगल्याच धारदार असतात, म्हणून जाड हातमोजे घालावेत.

स्विच बहुतेक मशीनमध्ये मागच्या नियंत्रण पॅनेलखाली असतो, काहींत वरच्या झाकणपत्र्याखाली उजव्या बाजूला. स्विचला जाणारा कनेक्टर सोडवावा. ही पायरी टाळू नये, कारण कनेक्टर जोडलेलाच ठेवला तर मीटर स्विचबरोबर बाकीचे सर्किटही मोजतो आणि स्विच उघडा असतानाही काहीतरी आकडा दाखवून फसवतो. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे बझरच्या खुणेवर, किंवा २०० ओहमच्या टप्प्यावर ठेवून आधी दोन्ही टोके एकमेकांना लावावीत. तेव्हा जो किरकोळ आकडा दिसतो तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा असतो आणि तो पुढील रीडिंगमधून वजा धरायचा असतो.

दोन पिनांच्या स्विचमध्ये झाकण बंद असताना जवळजवळ शून्य, फार तर एखादा ओहम, रीडिंग यावे व बझर वाजावा. झाकण उघडताच मीटरने ‘ओएल’ किंवा डावीकडे एकटा १, म्हणजे मार्ग तुटलेला असल्याची खूण, दाखवावी. झाकण बंद असताना पाच, दहा, वीस ओहम असे डळमळते आकडे येत असतील तर संपर्कांवर काजळी धरलेली आहे आणि स्विच उतरणीला लागला आहे. एकदा बरोबर रीडिंग आले म्हणून लगेच समाधान मानू नये. मधूनमधून बिघडणारे स्विच तपासणीच्या वेळी हटकून शहाण्यासारखे वागतात. म्हणून पट्टी पुनःपुन्हा दाबून, सावकाश सोडून, वायरी कनेक्टरपाशी हलक्या हाताने हलवून पाहावे आणि त्या वेळी बझर अडखळतो का हे ऐकावे. बझर मध्येच तुटला, की दोष सापडला.

तीन पिना असतील तर त्यांच्यावर बहुधा ‘कॉम’, ‘एनओ’ आणि ‘एनसी’ अशी अक्षरे कोरलेली असतात. कॉम ही सामाईक पिन, एनओ म्हणजे पट्टी दाबल्यावर जुळणारी आणि एनसी म्हणजे दाबल्यावर सुटणारी. वायरी कोणत्या दोन पिनांवर आहेत ते पाहून त्याच जोडीचे रीडिंग घ्यावे, नाहीतर चांगला स्विच उलटा वाचला जाऊन बाद ठरतो. कुलूप असलेल्या प्रकारात चार किंवा पाच वायरी असतात, त्यांपैकी दोन खटका ओढणाऱ्या कॉइलच्या असतात. तिचा रोध शून्य नसून रचनेनुसार काही दहा ओहमपासून बराच वर असू शकतो, आणि तेथे ‘ओएल’ आले तर कॉइल तुटलेली असते. शिवाय अशा कुलुपातले संपर्क वीज मिळून खटका अडकल्यावरच जुळत असल्यामुळे, प्लग काढलेल्या अवस्थेत ते उघडे दिसणे हा दोष नव्हे. कुलुपाच्या प्रकाराची खात्री नसेल तर येथपर्यंतच थांबून पुढचे काम जाणकारावर सोपवणे चांगले. रीड स्विचसाठी झाकण न वापरता एखादा चुंबक हातात धरून त्याच्याजवळ नेला आणि दूर नेला तरी काम होते.

स्विच निर्दोष ठरला आणि तक्रार मात्र कायम राहिली, तर पुढे वायरिंग पाहावे. कनेक्टरपासून मुख्य सर्किट बोर्डापर्यंत प्रत्येक वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी. पत्र्याच्या कडेवर घासून किंवा क्लिपखाली चिमटून आतली तार तुटते आणि वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेल्या मशीनमध्ये या वायरींतून केवळ काही व्होल्टचा संकेत जातो, त्यामुळे पिनेवरचा थोडासा हिरवट गंजही तो अडवायला पुरेसा होतो. सेमी-ऑटोमॅटिक आणि जुन्या टायमरच्या मशीनमध्ये मात्र मोटरचा सगळा प्रवाह याच संपर्कांतून जातो, म्हणून तेथे ते जळून काळे पडलेले आढळतात. बिघाडाची तऱ्हा या एका फरकावर अवलंबून असते.

याच्या उलट बिघाडाची तक्रार कधी कोणी करत नाही आणि तोच अधिक धोक्याचा आहे : संपर्क एकमेकांना चिकटून बसतात, झाकण उघडले तरी स्विच जुळलेलाच राहतो आणि मशीन झाकण उघडे असतानाही कपडे पिळत राहते. गैरसोय काहीच होत नसल्यामुळे घरातल्यांच्या ते ध्यानातही येत नाही. मशीन कसलीही कुरकुर करत नसले तरी अधूनमधून, पिळणे सुरू असताना झाकण उचलून ते थांबते का हे पाहावे. अर्थात, हात आत न घालता.

प्रश्न : तपासणीत स्विच खराब निघाला. तो मी स्वतः बदलू शकेन काय? काय काळजी घ्यावी?

उत्तर : पेचकस आणि धीर या दोन्ही गोष्टी असतील तर साधा स्विच बदलण्यात अवघड असे काही नाही. मशीनची हमी अजून संपलेली नसेल तर मात्र ते उघडू नये. उघडल्याने हमी रद्द होऊ शकते.

नवा भाग मागवताना मशीनच्या पाठीमागे किंवा झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवलेल्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक द्यावा. दिसायला सारखे वाटणारे दोन स्विच दांडीच्या लांबीत किंवा पिनांच्या जागेत वेगळे निघतात आणि हा फरक स्क्रू लावताना लक्षात येतो. जुन्या मशीनचा मूळ भाग मिळेनासा झाला असेल आणि त्याजागी सर्वसामान्य मायक्रोस्विच बसवायचा असेल, तर जुन्या स्विचच्या अंगावर कोरलेले अँपिअर व व्होल्टचे आकडे वाचून त्याहून कमी क्षमतेचा स्विच घेऊ नये. बोर्डाकडे केवळ संकेत नेणाऱ्या मशीनमध्ये क्षमतेचा प्रश्न फारसा येत नाही, मोटरचा प्रवाह वाहणाऱ्या मशीनमध्ये तोच मुख्य प्रश्न असतो.

पॅनेल सोडवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन छायाचित्रे काढून ठेवावीत : वायरींचे रंग, त्यांची वाट आणि क्लिपांच्या जागा. मागचे स्क्रू काढल्यावर पॅनेल एकदम वर खेचू नये. त्याच्या वायरी खालच्या बाजूला अडकलेल्या असतात. ते अलगद उचलून पालथे टेकवावे. स्विच सहसा दोन स्क्रूंवर किंवा प्लॅस्टिकच्या खटक्यांवर बसलेला असतो. कनेक्टर काढताना वायर धरून ओढू नये. बाजूची बारीक चाप नखाने किंवा पेचकसाच्या टोकाने दाबली की तो आपोआप सुटतो. सुट्या पिनांचा स्विच असेल तर एक वायर जुन्या स्विचवरून काढून तीच नव्या स्विचवर लावावी आणि मगच दुसरीला हात घालावा, म्हणजे अदलाबदल होण्याचा प्रश्नच राहत नाही. वायरीच्या टोकाची, पिनेवर बसणारी धातूची थिंबल सैल झाली असल्यास ती पक्कडने जराशी दाबून घट्ट करावी. सैल सांधा तापतो आणि नवा स्विचही त्याच वाटेने जातो.

नवा स्विच बसवताना स्क्रू अंग मोडेपर्यंत आवळू नयेत, कारण खालचे भोक प्लॅस्टिकचे असते. पट्टी झाकणाच्या जिभेच्या अगदी समोर येते ना, आणि खाली लोंबणारी दांडी असल्यास ती टबाला न टेकता मोकळी हलते ना, हे पॅनेल लावण्यापूर्वी पाहावे. वायरी पूर्वीच्याच वाटेने नेऊन क्लिपांत अडकवाव्यात, आणि पॅनेलला जोडलेली हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर पुन्हा जागच्या जागी घट्ट बसवायला विसरू नये. ती न जोडताही मशीन चालते, म्हणूनच ती विसरली जाते. पॅनेल उघडे असतानाच, प्लग न लावता, झाकण खालीवर करून मीटरने शेवटचे रीडिंग घ्यावे. सगळे बंद केल्यावर रिकाम्या टबावर केवळ पिळण्याचा टप्पा चालवावा, तो वेगात आल्यावर झाकण उचलावे आणि मशीन लगेच थांबते का हे पाहावे. कुलूप असलेल्या मशीनमध्ये त्या वेळी झाकण उघडताच येऊ नये.

प्रश्न : स्विच मिळत नसल्याने दुरुस्ती करणाऱ्यांनी त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून मशीन ‘डायरेक्ट’ करून दिले. आता ते उत्तम चालते. तसेच राहू द्यायला काही हरकत आहे काय?

उत्तर : हरकत आहे, आणि स्पष्ट शब्दांत सांगायचे तर ही दुरुस्ती नव्हे. वरून कपडे टाकण्याचे मशीन पिळताना मिनिटाला सुमारे ७०० फेरे घेते असे धरले आणि टबाचा व्यास ५० सेंटिमीटर मानला, तर त्याच्या कडेचा वेग ताशी ६६ किलोमीटरच्या आसपास येतो. ओल्या चादरीचे टोक बोटाला किंवा बांगडीला गुंडाळले गेले तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. घरात लहान मूल असेल तर अधिक काही लिहिण्याची आवश्यकता नाही. घरगुती धुलाई यंत्रांच्या सुरक्षिततेसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०३३५-२-७, झाकण उघडे असताना फिरणाऱ्या टबापासून वापरणाऱ्याचे रक्षण व्हावे अशी अपेक्षा धरते; हा स्विच म्हणजे त्याचीच तरतूद आहे.

याशिवाय, ज्या मशीनमध्ये टबाच्या हेलकाव्यांची दांडी याच स्विचला जोडलेली असते त्यात वायरी जोडल्या की तो बंदोबस्तही संपतो. एका बाजूला गोळा झालेली गोधडी घेऊन टब पुऱ्या वेगात पत्र्यावर आपटत राहतो आणि मोडतोड होईपर्यंत मशीन थांबत नाही. काही नव्या मशीनमध्ये, धुण्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये झाकण एकदाही उघडल्याची खूण न मिळाल्यास बोर्ड बिघाड समजून पुढचे कामच नाकारतो. तपासणीपुरत्या वायरी जोडून पाहण्याची सवयही अनेकांना असते, पण मीटर हाती असताना त्याची गरज पडत नाही. नवा स्विच येईपर्यंत कपडे मशीनमध्ये धुऊन हाताने पिळावेत आणि जोडलेल्या वायरी आजच सोडवून घ्याव्यात.

प्रश्न : आमच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर कधी फिरतच नाही, तर कधी झाकण उघडल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. दोन्ही दोष एकाच स्विचचे आहेत काय?

उत्तर : नाहीत. ड्रायरच्या झाकणाला दोन वेगवेगळी कामे जोडलेली असतात. एक म्हणजे स्विच, जो टायमर आणि मोटर यांच्या मार्गात असतो आणि झाकण उघडताच वीज तोडतो. दुसरे म्हणजे ब्रेक. झाकण बंद केले की एक तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो, उघडले की तार ढिली पडून स्प्रिंगच्या जोराने ब्रेक लागतो. झाकण बंद करून टायमर फिरवल्यावर मोटरचा आवाजच येत नसेल तर स्विच किंवा टायमर पाहावा. मोटर घुमते पण ड्रायर फिरत नाही, असे असेल तर ब्रेकची तार तुटली किंवा ढिली झाली असावी, अथवा एखादे लहान कापड टबाच्या खाली घसरून अडकले असावे. अशा वेळी टायमर लगेच शून्यावर आणावा, कारण अडकलेली मोटर थोड्याच वेळात तापते.

झाकण उघडल्यावर वीज तुटते आणि तरीही ड्रायर फिरत राहतो, तेव्हा दोष ब्रेकचा असतो : पट्टी झिजलेली, किंवा तार गंजून आखडल्यामुळे परत जात नसलेली. झाकण उघडल्यापासून १५ सेकंदांत ड्रायर थांबला नाही तर तो वापरू नये, अशी सूचना काही कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत असते आणि तो अंदाज धरून चालायला हरकत नाही. ड्रायरचा टब लहान असला तरी तो मिनिटाला १३०० फेऱ्यांच्या आसपास जातो, हे ध्यानात ठेवून तो पूर्ण थांबेपर्यंत आत हात घालू नये. ब्रेकची दुरुस्ती मशीन मागून आणि खालून उघडून करावी लागते. ती घरी करण्याचा आग्रह धरू नये.

प्रश्न : स्विच बदलला, पण काही दिवसांतच नवाही गेला. पुन्हा तोच बसवावा काय?

उत्तर : आधी जुना स्विच उघडून त्याचे पोट पाहावे, कारण उत्तर बहुधा तेथेच असते. आत पांढरी, चिकट पूड आणि हिरवट गंज दिसला तर वरून साबणाचे पाणी झिरपते आहे. ओले कपडे पॅनेलवर ठेवण्याची सवय असेल तर ती सोडावी आणि पॅनेलची फट कोरडी ठेवावी. संपर्क काळे पडून त्यांना खड्डे पडलेले दिसले तर त्यांच्यावर झेपण्यापेक्षा अधिक प्रवाहाचा भार येतो आहे, मग तो कमी क्षमतेचा स्विच बसवल्यामुळे असो की मोटरचा कॅपॅसिटर कमकुवत झाल्यामुळे. पट्टी वाकलेली किंवा अंगाला चीर गेलेली असेल तर झाकण वरून सोडून आपटले जात असावे. झाकण सावकाश खाली आणणारी बिजागरी असलेल्या मशीनमध्ये ती बिजागरीच निकामी झाली आहे का हे पाहावे. आणि दांडी टबाच्या माराने वाकली असेल, तर टबाच्या टांगत्या दांड्या बदलल्याशिवाय तिसरा स्विच विकत घेऊ नये.